खाचेचा कोपरा आधी शोध

बाबू, दारव्ह्याकडचं आपलं वावर मोजशील तेव्हा टेप काढण्याआधी धुऱ्यानं एक चक्कर मार. पीक उजव्या हाताला ठेवून चाल. प्रत्येक कोपऱ्यावर उजवीकडेच वळलास, तर ते वावर बहिर्वक्र. कुठं डावीकडे वळावं लागलं, तर तिथं खाच आहे, म्हणजे वावर अंतर्वक्र. त्या कोपऱ्याचा आतला कोन 180 अंशांच्या वर असतो. वावर पाच कोपऱ्यांचं असेल तर आतल्या कोनांची बेरीज मात्र दोन्हीकडे 540च.

डवरा धरणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळतं. बहिर्वक्र वावरात तास कोणत्याही दिशेनं धर, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सलग जातं. खाच असली की एखाद्या दिशेचं तास खाचेशी तुटतंच.

आपल्या वावराच्या तीन बाजू सरळ: 300, 400, 300 फूट. चौथी नाल्यानं 150 फूट आत दाबलेली, म्हणून 250 आणि 250. मी तरुणपणी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, 450 गुणिले 300, आणि 124 गुंठे धरून ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले. खरं रान साडेब्याऐंशी गुंठे! एका एकराची नांगरणी न करताच पैसे गेले, चूक माझीच. नुसत्या बाजूंवरून आतलं रान कळत नाही. कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘लीलावती’त पिशाच म्हटलंय, ते उगाच नाही.

म्हणून खुंटी खाचेच्या कोपऱ्यावर ठोक. तिथून समोरच्या दोन कोपऱ्यांपर्यंत दोरी ताण, तीन त्रिकोण पडतात. प्रत्येकाचा पाया गुणिले उंची, भागिले दोन. बेरजेला 1089नं भागलं की गुंठे. दुसऱ्या कोपऱ्यांवरून ताणलीस तर दोरी नाल्यावरून, परक्या रानातून जाऊ शकते.

कुंपणाची तार घेताना उलटं नवल दिसेल. नाला नसता तर 1400 फूट पुरली असती. आता रान साडेसत्तावीस गुंठे कमी आणि तार 100 फूट जास्त.

तूर शेंगांवर आली की रोही, डुकरं येतात. जागलीचं मचाण त्याच खुंटीशी बांध. खाच एकच असली तर तिथून अख्खं वावर दिसतं. बहिर्वक्र वावरात कुठंही बांधलं तरी चालतं. दोन खाचांच्या वावरात एका मचाणावर भागेलच असं नाही, तिथं दुसरा जागल्या आधीच सांगून ठेव.