बिंबिकांची उणीव आणि मातुल वारसा

पडसे-तापातून उठलेल्या धडधाकट मुलाच्या अंगावर दोन-तीन आठवड्यांनी एकाएकी तांबडे-जांभळे ठिपके उमटतात. नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. निरोगी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे दीड ते साडेचार लक्ष बिंबिका असतात. या मुलांत त्या पुष्कळदा वीस हजारांच्याही खाली जातात. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच बिंबिकांना परक्या समजून त्यांच्यावर प्रतिपिंडे सोडते आणि प्लीहेत त्यांचा नाश होतो. १९५० साली अमेरिकेतील विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. काही तासांतच त्याच्या बिंबिका जवळजवळ नाहीशा झाल्या. धाडस अविचारी खरे, पण बिंबिकांचा नाश करणारे द्रव्य रक्तातच असते, हे त्यामुळे कळून आले. हा विकार सहसा आईबापांकडून येत नाही, आणि बहुतेक मुले वर्षाच्या आत बरी होतात.

परंतु तेच ठिपके निराळ्या कारणानेही उमटतात. १९३७ मध्ये म्यूनिकचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी एकाच घरातील तीन भावांची हकिकत प्रसिद्ध केली. रक्तस्राव, इसब आणि वारंवार कान फुटणे यांनी तिघेही बालवयातच दगावले. बहिणी मात्र निरोगी होत्या. १९५४ मध्ये रॉबर्ट ऑल्ड्रिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाची वंशावळ तपासून या कोड्याचा उलगडा केला. दोष ‘क्ष’ गुणसूत्रावर असतो. आईजवळ अशी दोन गुणसूत्रे असल्याने ती स्वतः सहसा निरोगी राहते. तिच्या प्रत्येक मुलाला मात्र दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. १९९४ मध्ये ते जनुकही सापडले. पेशीचा आतील सांगाडा उभारणाऱ्या प्रथिनाची घडण त्याच्याकडे असते. ते बिघडले की बिंबिका खुज्या व अल्पायुषी होतात आणि रोगांशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या पडतात.

दोहोंची गल्लत महागात पडते. पहिल्या विकारात वाट पाहणे हाच पुष्कळदा शहाणपणा. दुसऱ्यात वाट पाहण्यात अस्थिमज्जा-रोपणाचा योग्य काळ निघून जातो. प्लीहा काढल्यास बिंबिका वाढतात खऱ्या, पण जंतुसंसर्गाने प्राणावर बेतण्याचे भय बळावते. म्हणून तान्ह्या मुलाच्या बाबतीत बिंबिकांची संख्या मोजून थांबू नये, त्यांचा आकारही पाहावा. पहिल्या विकारात त्या नेहमीएवढ्या किंवा मोठ्या असतात, दुसऱ्यात लहान. आईला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: तिचा एखादा भाऊ किंवा मामा लहानपणीच रक्तस्रावाने वा वारंवारच्या आजाराने गेला होता काय?