मान, अपमान आणि सुपरहिरो

(तृतीय वर्ष, कला)

‘अ‍ॅव्हेंजर्स’सारख्या चित्रपटावर महाविद्यालयाच्या वार्षिकात अभ्यासलेख लिहावा, ही कल्पना काही वाचकांना खटकेल. कानठळ्या बसवणारा आवाज, कोसळणाऱ्या इमारती आणि रंगीबेरंगी पोशाखातली माणसे. यात अभ्यासण्यासारखे ते काय, असे एका स्नेह्याने मला विचारलेही. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. मी या चित्रपटांचा चाहता आहे, हे आधीच कबूल करतो. पण आपल्याला नेमके काय आवडते आणि का आवडते, हे स्वतःला विचारणे चाहत्याचेही कर्तव्य आहे, असे मला वाटते.

मराठीत ‘महानायक’ म्हटले की अमिताभ बच्चन डोळ्यांपुढे येतात. म्हणून येथे सुपरहिरो हाच रूढ शब्द ठेवला आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीला सुपरहिरो भेटला तो बहुधा १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून. त्यातला वेताळ हा एकांडा शिलेदार. त्याचा घोडा, त्याचा लांडगा आणि त्याचे जंगल. कथेची सारी सूत्रे त्याच्या एकट्याच्या हाती. अमेरिकेत मात्र अनेक नायकांना एकाच गोष्टीत आणण्याचा प्रयोग १९४० पासूनच चालू होता. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘अ‍ॅव्हेंजर्स’ ही चित्रकथा सुरू केली आणि तिच्यावरून २०१२ मध्ये जॉस व्हेडन या दिग्दर्शकाने याच नावाचा चित्रपट केला. त्याआधी २००८ ते २०११ या काळात आयर्न मॅन, हल्क, थॉर आणि कॅप्टन अमेरिका यांचे स्वतंत्र चित्रपट येऊन गेले होते. आपापल्या घरचे हे राजे २०१२ मध्ये प्रथमच एका छताखाली आले.

आता खरा प्रश्न पुढे येतो. एका कथेत इतके नायक मावतात कसे?

आपल्या नाट्यशास्त्रीय परंपरेत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तेथे मुख्य नायक एकच. दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत. वर्गात हे प्रकार पाठ करताना मला ते कोरडे वाटले होते. पुढे वसतिगृहातल्या मित्राच्या खोलीत हा चित्रपट पुन्हा पाहत असताना एकदम लक्षात आले, की चारही प्रकार पडद्यावर एकत्र उभे आहेत! कर्तव्यनिष्ठ, गंभीर आणि क्षमाशील असा कॅप्टन अमेरिका हा धीरोदात्त. कलासक्त, चैनी आणि बोलघेवडा टोनी स्टार्क हा धीरललिताच्या जवळचा. गर्विष्ठ, तापट, आत्मप्रौढीत रमणारा थॉर हा धीरोद्धत. आणि शांत स्वभावाचा शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर हा धीरप्रशान्त. फक्त त्याच्या शांतीच्या तळाशी हल्क नावाचा राक्षस झोपलेला आहे. धनंजयाने असा धीरप्रशान्त कल्पिला नसणार. ही जोडणी काटेकोर नाही, हे मलाही कळते. पण एवढे निश्चित, की चार वेगळ्या प्रकृतींची माणसे एकत्र आणली की कथेला खलनायकाची वाट पाहावी लागत नाही. संघर्ष त्यांच्या आपापसातच तयार असतो.

चित्रपटाचा पूर्वार्ध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लोकी हा शत्रू हाती लागल्याबरोबर थॉर, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका रानात एकमेकांशीच लढू लागतात. पुढे हवेत तरंगणाऱ्या त्या प्रचंड जहाजावर सगळे एका खोलीत जमतात, तेव्हा भांडण शब्दांचे होते. कॅप्टन स्टार्कला सुनावतो, की दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देणारा तू नव्हेस. येथे कोणी कोणावर शस्त्र उगारलेले नाही. दुखावला आहे तो मान. मोठ्या माणसांच्या एकत्र येण्यातली मुख्य अडचण ही असते. शक्तीची बेरीज सहज होते. मानाची बेरीज होत नाही. आपल्या पुण्यात विसर्जन मिरवणुकीचा क्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. पाच मानाच्या गणपतींचा क्रम ठरलेला आहे, म्हणून मिरवणूक पुढे सरकते. ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये असा ठरलेला क्रम नाही. तो शोधणे हीच चित्रपटाची कथा आहे.

तो सापडतो एका साध्या माणसाच्या मृत्यूमुळे. फिल कोलसन हा सरकारी अधिकारी. त्याच्याजवळ कसलीही अद्भुत शक्ती नाही. लहान मुलाच्या हौसेने तो कॅप्टन अमेरिकेच्या चित्रांची जुनी कार्डे जमवतो आणि त्यांवर त्याची सही मागायलाही लाजतो. थोडक्यात, तो आपल्यासारखा चाहता आहे. लोकी त्याला मारतो आणि त्याचे वरिष्ठ निक फ्युरी ती रक्ताने माखलेली कार्डे नायकांपुढे टाकतात. कार्डे कोलसनच्या खिशात नव्हती, ती मुद्दाम आणून रक्तात भिजवली गेली, हे प्रेक्षकाला लगेच सुचवले जाते. पण त्या खोट्यातूनच खरी शरम जागी होते. आपापल्या मानासाठी भांडणाऱ्यांना कळते, की आपला मान ज्याने मनापासून जपला तो गेला.

पुढचे न्यूयॉर्कचे युद्ध सर्वांना माहीत आहे. कॅमेरा सहा जणांभोवती फिरतो ते प्रसिद्ध दृश्य मला आजही रोमांचित करते. पण अभ्यासाच्या दृष्टीने मला त्यानंतरचे अर्धे मिनिट अधिक मोलाचे वाटते. कॅप्टन प्रत्येकाला काम वाटून देतो : कोणी छतावर बसून पाहायचे, कोणी आकाशाची सीमा राखायची, कोणी जमिनीवर लढायचे. यात धनुष्यबाणवाला हॉकआय आणि नताशा रोमॅनॉफ हे दोघे तर साधी माणसे आहेत. तरी त्यांची कामे दुसऱ्याला जमणारी नाहीत. आणि ज्याला ‘तू बळी देणारा नव्हेस’ असे हिणवले होते, तो स्टार्कच शेवटी अण्वस्त्र खांद्यावर घेऊन आकाशातल्या विवरात शिरतो. अपमानाचे उत्तर तो शब्दांनी देत नाही.

मी हे सारे एकदा सदाशिव पेठेत आजोबांना उत्साहाने सांगत होतो. आजोबांचे जग नाट्यसंगीताचे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरे, म्हणजे हे तुमचे ‘संयुक्त मानापमान’च की!”

तेव्हा मला त्यातले काही कळले नाही. नंतर वाचले आणि चकित झालो. १९२१ च्या जुलै महिन्याची ८ तारीख. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत ‘संगीत मानापमान’चा एक प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे १९११ मधले नाटक. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. त्या रात्री गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या. दोन नामांकित मंडळ्यांचे दोन स्वामी, दोघेही आपापल्या रंगभूमीचे अनभिषिक्त राजे, दोघांचेही स्वतंत्र चाहते. ते एका रंगमंचावर समोरासमोर उभे राहिले. शिवाय नाटक कोणते, तर ‘मानापमान’! श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमाला बनून त्याची खरी योग्यता ओळखते, ही त्याची कथा. दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येण्यासाठी याहून समर्पक नाटक सापडणे कठीण.

या दोन ‘संयुक्त’ प्रयोगांची तुलना केली तर काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट माध्यमाची. चित्रपटात प्रत्येक नायकाला त्याच्या वाट्याचा क्षण संकलकाच्या टेबलावर मोजून देता येतो. रंगभूमीवर तसे नाही. एक गात असताना दुसऱ्याला समोर उभे राहावेच लागते. हजारो टाळ्या दुसऱ्याला पडत असताना आपल्या भूमिकेत राहून ते पद ऐकणे, ही त्या रात्रीची खरी कसोटी असली पाहिजे. तेथे पुन्हा चित्रीकरण करण्याची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट हेतूची. ‘अ‍ॅव्हेंजर्स’मधले नायक कथेत जग वाचवण्यासाठी एकत्र येतात; पडद्याबाहेर त्यांना एकत्र आणणारा हेतू व्यवसायाचा आहे. २०१२ च्या चित्रपटाने जगभरात दीड अब्ज डॉलर्सहून अधिक, तर २०१९ च्या ‘एंडगेम’ने सुमारे २.८ अब्ज डॉलर्स मिळवले. व्यवसाय वाईट असे मी म्हणत नाही. नाटक मंडळ्याही व्यवसायच करीत. पण १९२१ च्या त्या रात्री व्यवसायातल्या स्पर्धकांनी स्वतःपेक्षा मोठ्या कामासाठी स्पर्धा बाजूला ठेवली. तेथे कथेतला त्याग आणि कथेबाहेरचा त्याग एकच होता. या फरकामुळे मला माझ्या आवडत्या चित्रपटाची मर्यादा कळली. पुढच्या चित्रपटांत नायकांची संख्या वाढत गेली, तशी ही मर्यादा अधिक जाणवते. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये काही जण केवळ हजेरी लावून जातात.

तरीही एक साम्य मला विसरता येत नाही. २०१९ मध्ये शाळेत असताना ‘एंडगेम’ पुण्यातल्या चित्रपटगृहात पाहिला. फुटकी ढाल घेऊन कॅप्टन अमेरिका एकटा उभा राहतो आणि मागून एकेक साथीदार येऊ लागतो, तेव्हा सारे चित्रपटगृह उठून ओरडत होते. पडद्याला ‘वन्स मोअर’ देता येत नाही, एवढाच काय तो फरक. केशवराव भोसले त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले. ते अवघे एकतीस वर्षांचे होते. ज्यांनी ते दोघे एकत्र पाहिले, त्यांना आपण काय पाहिले हे त्या दिवशी अधिक कळले असेल.

आता थोडे स्वतःविषयी. गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेत मला पोस्टमनची भूमिका मिळाली, चार वाक्यांची. मुख्य भूमिका माझ्या मित्राला मिळाली आणि मी आतून धुमसत होतो. तालमीला उशिरा जायचो, त्याचे स्वगत चालू असताना मुद्दाम खिडकीबाहेर पाहायचो. सोडून द्यावे असेही ठरवले होते. त्याच आठवड्यात हे सर्व वाचन चालू होते. समोरच्याचे गाणे ऐकत उभे राहिलेले ते दोन थोर नट माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी तालमीत मी मित्राचे स्वगत प्रथमच नीट ऐकले. तालीम संपल्यावर तो म्हणाला, “आज तू ऐकत होतास ना, म्हणून मला बोलता आलं.”

आमची एकांकिका प्राथमिक फेरीतच बाद झाली. त्या रात्री आम्ही सगळे एका गाडीवर भुर्जीपाव खात बसलो होतो. कोणी फारसे बोलत नव्हते. ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या अगदी शेवटी, नामावली संपल्यानंतर, दमलेले सहा नायक एका पडक्या उपाहारगृहात मुकाट्याने खात बसलेले दिसतात. त्या वेळी कोणी पहिला नसतो, कोणी शेवटचा नसतो.

माझ्या स्नेह्याला द्यायचे उत्तर एवढेच आहे. इमारती कोसळतात ते पाहायला मी एकदाच गेलो असतो. हे खाणे पाहायला मात्र पुन्हा पुन्हा जातो.