वर्गातल्या कॉम्प्युटरला दोन स्क्रीन : ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

आपल्या संभाजीनगरकडच्या शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. आता मॉनिटरवर आपल्यापुरती उत्तरं आणि टीव्हीवर मुलांसाठी फक्त प्रश्न, हे जमेल का? जमतं. पण दुकानदार म्हणाला म्हणून लगेच ग्राफिक्स कार्ड घेऊ नका.

आधी सीपीयूची मागची बाजू बघा. व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही पोर्ट असतील तर बहुतेक वेळा दोन स्क्रीन कार्डाशिवाय चालतात. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ निवडा, झालं. साधा एचडीएमआय स्प्लिटर मात्र उपयोगाचा नाही. तो दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो, म्हणजे उत्तरं थेट मुलांसमोर!

तिसरी स्क्रीन हवी असेल तर कार्डाचा विचार करा, तेही गेमिंगचं नको. जीटी 710 हे जुनं, साधं कार्ड 19 वॅटवर तीन स्क्रीन चालवतं. त्याहून वेगवान जीटी 1030 दोनच चालवतं! म्हणून किंमत बघण्याआधी किती स्क्रीन चालतात ते विचारा. कॅबिनेट स्लिम असेल तर कार्डासोबत आखूड पट्टी आहे ना, हेही दुकानातच बघा. आणि कार्ड बसवल्यावर केबल कार्डालाच लावा. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डावरचे पोर्ट तेव्हा आपोआप बंद होतात.