एकोणीस एकांची संख्या

लग्नाच्या आहेरात आपण ११, ५१, १०१ रुपये देतो. ५१ रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकाला १७ येतात. पण ११ किंवा १०१ चे तसे नाही. एकाने सगळे घ्यावेत, नाहीतर तितक्याच माणसांनी एकेक घ्यावा. एरवी सारखे वाटे पडायचेच नाहीत. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

आता पाटीवर नुसते एक मांडत जा. ११ मूळ आहे. १११ नाही; तिचे ३७ चे तीन वाटे होतात. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. एक मोजून सहा निघाले, तर त्यांच्या जोड्या करा: ११ ११ ११. प्रत्येक जोडीला ११ ने भाग जातो, म्हणून सगळ्या संख्येला जातो. एकांची मोजणीच वाटली जात असेल, तर ती संख्या मूळ नाही.

पण उलटे म्हणू नका! पाच वाटले जात नाहीत, तरी पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एकांपाशी तर मीच फसलो. आमच्या रात्रीच्या वर्गात मी शंभरापर्यंत भाग लावून पाहिले, एकही लागला नाही. फळ्यावर लिहून टाकले, "ही मूळ संख्या." कापूस वेचायला जाणारी एक बाई, आदल्या वर्षी अंगठा उठवीत होती, ती म्हणाली, "गुरुजी, शंभराच्या पुढं काऊन नाही पाह्यलं?" मला उत्तर सुचेना. नवव्या रात्री तिने पाटी आणली: २३९ गुणिले ४६४९. मी पडताळा पाहिला आणि फळा पुसला.

पुढे जायचे तरी कुठवर? १०५५ ला १०५५ ने गुणले की सात एकांच्या पलीकडे जातो. म्हणून संख्या मोडलीच, तर दोहोंतली धाकटी १०५५ च्या आत सापडलीच पाहिजे. तिथवर भाग लागला नाही, तर पुढे शोधू नये.

नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनाही या एकांचे वेड होते. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. एक चढत जातो आणि उतरत येतो. अशा संख्यांना त्यांनी एका रेल्वे स्टेशनावरून डेम्लो संख्या म्हटले.

आता एकोणीस एक मांडा: १ १११ १११ १११ १११ १११ १११. ही अकरा परार्धांहून मोठी झाली. तिची धाकटी जोडीदारीण असलीच तर १०५ कोटी ४१ लाखांच्या आत. दर सेकंदाला एक भागाकार केला, रात्रंदिवस केला, तरी ३३ वर्षे लागतील. इतके न करता, युक्तीने, १९१८ च्या सुमारास होप्पे नावाच्या गणितज्ञाने दाखवले, की तिला जोडीदारीण नाही. ती मूळ आहे.

तिच्यानंतर तेवीस एकांची मूळ आहे. मग ३१७ एकांपर्यंत एकही नाही.