भावोजी, मंगळवारी अकरा वाजता काय करणार?

भावोजी, गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना तुमचा जन्म १ जूनचा लावला, म्हणून तुम्ही ३१ मेला सुटलात. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि मास्तरांनी तर कितीतरी पोरं १ जूनलाच जन्माला घातली. तुमच्यासोबत त्या दिवशी किती जणांना शाल-श्रीफळ मिळालं असेल, देव जाणे! असो. घरचं शेंडेफळ म्हणून तुमचे लाड केलेत, तेव्हा वहिनीला चार गोष्टी सांगायचा हक्क आहे.

पहिला महिना रजेसारखा जातो. तेव्हा भेटणाऱ्यांना तुम्ही ‘मजेत’ म्हणून सांगाल, आणि ते खरंही असेल. जुलै लागला की बघा. मंगळवार, बाहेर पाऊस, सकाळचे अकरा. पेपर वाचून झालाय, आंघोळ झालीय, जेवायला दोन तास आहेत. अशा वेळी माणूस घरात येरझाऱ्या घालतो आणि फिरता फिरता स्वयंपाकघरात शिरतो. तुमच्या दादांनी अशाच एका मंगळवारी माझ्या मांडणीवरचे सगळे डबे उतरवले, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि अकारविल्हे लावून ठेवले. जिरं ‘ज’मध्ये, मोहरी ‘म’मध्ये, हिंग-हळद पार खालच्या फळीवर ‘ह’मध्ये. इकडे माझं तेल तापलेलं! हेतू चांगला होता, हे मी आजही मान्य करते.

तर अकरा ते एक तुम्ही घराबाहेर. का, ते सांगते. त्या वेळेत जाऊबाईंची कचेरी चालते. भांडीवाली येऊन जाते, कुकर उतरतो, बहिणीचा फोन होतो, आणि मग अर्धा तास त्या पंख्याखाली नुसत्या बसतात. तो अर्धा तास तुम्ही ऑफिसात असण्यावर उभा होता. तुम्हाला फुरसत मिळाली म्हणून त्यांची जाऊ नये. कोणाचा फोन होता, आज इतका उशीर का, हे विचारू नका. दर तासाला चहा हवा असेल तर आपला आपण करा आणि पातेलं घासून पालथं घाला.

‘मदत करतो’ असं म्हणूच नका. मदतनिसाला सगळं सांगावं लागतं. त्यापेक्षा एक काम उचला, पण मुळापासून. भाजी तुमची म्हटलं की मंडईतून आणणं तुमचं, मेथी निवडणं तुमचं आणि किडका दोडका आला तर बोलणी खाणंही तुमचंच.

बाहेरची कामं मात्र जपून वापरा. नोकरीत असताना अर्ध्या रजेत बँक, वीजबिल, चष्मा सगळं उरकायची सवय लागते. आता दिवसाला एकच काम काढा. सोमवारी बँक नको, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर नकोच.

दोन कामांत मात्र ही चंगळ चालायची नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आत खातं उघडायचं तर निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडावं लागतं. कमाल ३० लाख, व्याज दर तिमाहीला. तुम्ही अठ्ठावन्नचे, म्हणजे तीन महिने गेले की साठीपर्यंत थांबा. दुसरं, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची सही. ती चुकली तर पेन्शन अडकते, आणि आपण जिवंत आहोत हे पटवत फिरावं लागतं.

सोसायटीची माणसं पहिल्याच आठवड्यात येतील. ‘आता तुम्हाला वेळच वेळ, सेक्रेटरी व्हा.’ दिवाळीपर्यंत कोणालाही हो म्हणू नका. गळक्या टाकीची भांडणं रात्री साडेदहालाही दारात येतात, आणि एकदा वही हातात घेतली की ती घ्यायला दुसरा कोणी पुढे येत नाही. नातवाचंही तसंच. जीव लावा, पण वार ठरवून घ्या.

आता गोड भाग. डोंबिवलीहून तुम्ही इतकी वर्षं लोंबकळत गेलात, त्याच गाडीत दुपारी खिडकी मिळते, हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? पंधरवड्यातून एकदा जा. मंत्रालयात जाऊ नका. जुन्या टेबलावर नवा माणूस बसलेला असतो, तो चहा पाजतो आणि घड्याळाकडे बघतो. जहांगीर आर्ट गॅलरीत जा. १९५२ पासून ती तिथं उभी आहे, तिकीट नाही, आणि तुमच्या कचेरीपासून चालत जाण्याजोगी. तुम्ही आत कधी पाऊल टाकलंय का, खरं सांगा. दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा. १८९८ची संस्था आहे. कामाच्या दिवशी दुपारी अशा ठिकाणी जायला मिळणं, ही पेन्शनइतकीच मोठी कमाई समजा. रविवारी मात्र यातलं काही नको. रविवार नोकरीवाल्यांचा, त्यांच्या गर्दीत आपण कशाला शिरायचं?

आणि दोघं मिळून आठवड्याच्या मधल्या वारी गावी या, एसटी रिकामी असते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तुमच्या दादांनी पंच्याहत्तरी ओलांडली, त्यांना फुकट. तुम्ही पासष्टचे होईपर्यंत घरात पूर्ण तिकिटाचे मानकरी एकटे तुम्हीच! कंडक्टरला एक पूर्ण, एक अर्धं असं आधीच सांगा आणि सुटे पैसे जवळ ठेवा.