आधी जागा, मग राक्षस

शिंगं किती, डोळ्यांचा रंग कोणता, आयुष्य किती शे वर्षांचं, हे सगळं शेवटी ठरव, पोरा. गोष्टीच्या खेळासाठी तू वंश रचतोयस त्या वहीत पहिली चार पानं त्यातच गेली आहेत, म्हणून तर तुझे खेळगडी सगळ्या वंशांना एकाच मापाने मोजतात आणि तलवार उपसतात. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात राक्षस घडवायची रीत उलटी होती. आधी जागा दिसायची, मग राक्षस सुचायचा.

लोणारचंच बघ. बेसाल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. उल्केची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा लोकांपुढे रोखठोक प्रश्न होते. एवढा खड्डा केला कुणी? वरचं झाकण गेलं कुठे? पाणी खारं काहून? कथेने तिन्ही मिटवले. लवणासुर जमिनीखालच्या गुहेत राहायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या दोन बहिणींना भुलवून ठिकाण काढून घेतलं आणि पायाच्या अंगठ्याने गुहेचं झाकण उडवलं. ते नैर्ऋत्येला कोसावर कोस लांब पडलं, ती तिथली टेकडी. असुर मेला; त्याचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी आणि मांस म्हणजे क्षार. यातलं एकही वाक्य रिकामं नाही, प्रत्येकाच्या टोकाला बोट दाखवता येईल अशी वस्तू आहे. तुझ्या वंशाची कथाही अशीच नकाशाला बांध. खेळाडू हट्टाने झाकण शोधायला निघाले, तर त्यांना टेकडी सापडली पाहिजे.

नावं ठेवताना पोथीची भाषा वापरू नकोस. लोणारच्या काठावर कमळजा देवीच्या देवळापाशी एक विहीर आहे. तिचं एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, असं सांगतात. तुझ्या हातात दिली असती तर तू तिचं ‘द्वैतकुंड’ केलं असतंस. लोकांनी नाव ठेवलं सासू-सुनेची विहीर. कोण सासू आणि कोण सून, यावर भांडायला जागा ठेवली ती वेगळीच! तुझ्या वंशातल्या लोकांनाही घरं आहेत, नातीगोती आहेत, कुचकट विनोद आहेत. नावं तिथून येऊ दे.

भाषा रचायचा मोह मात्र आवर. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं वठवायचा खेळ आला, त्याच्या पुढच्याच वर्षी एम. ए. आर. बार्कर या माणसाने आपलं टेकुमेल नावाचं जग खेळ म्हणून छापलं. त्यातल्या लोकांना त्याने व्याकरणासकट भाषा दिली होती. पण तो मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई भाषा शिकवणारा पंडित होता. तुला दहा शब्द पुरे: एक शिवी, एक नमस्कार, बाकीचे खाण्यापिण्याचे.

आता खरी मेख. लवणासुराची कथा सांगतं कोण? जिंकलेला पक्ष. लोणार गावात दैत्यसूदनाचं, दैत्य मारणाऱ्या विष्णूचं, कोरीव देऊळ उभं आहे, म्हणजे नावातच निकाल लागला. पलीकडे मेहकरच्या कथेत मेघंकर दैत्य, त्याचाही वध विष्णूच्याच हातून. पण लवणासुराच्या त्या दोन बहिणींना विचारलंय कुणी? समज, तुझा वंश त्यांच्या पोटचा आहे. त्यांच्यात काय सांगत असतील? आमच्या आज्या भुलल्या नव्हत्या, भावाच्या जाचाला कंटाळून त्यांनीच दार दाखवलं. किंवा उलट: आजही त्या घराण्यात देखण्या पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बघ, एका प्रश्नातून रिवाज निघाला आणि खेळाडूंपैकी देखण्या पात्राची पंचाईतही झाली. मेळघाटात कोरकू लोक मेघनादाला पूजतात, रामायणात तो शत्रूकडचा. एकाच नावाच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. तुझ्या जगातही दोन ठेव, आणि खरी कोणती ते सांगू नकोस, कुणी कितीही खोदलं तरी.

विधी लिहिताना नुसता धूर आणि मंत्र नको. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी आठव. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. पुरी म्हणजे पृथ्वी, विडा म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, विडा जागचा हलला का, ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर मी पेरणी करणार नाही, हे वेगळं. पण खेळाच्या टेबलावर असला विधी सोन्यासारखा, कारण प्रत्येक वस्तूला एकच अर्थ आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. चार ढेकळांसाठी चार फासे टाक, बाकीचं खेळाडू स्वतः वाचतील आणि आपसात वाद घालतील.

सगळं आधीच भरून टाकू नकोस. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं तपासात निघालं. पण जुन्या कथेत ते पाणी असुराचं रक्तच होतं, म्हणून ही नवी घटनाही तिच्यात अलगद बसली. तूही पहिल्या दिवशी खेळाडूंना अर्धं पान दे, बाकी वहीत ठेव. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणीतरी तुझ्यापेक्षा बरा अंदाज बांधेल. तो मुकाट्याने वहीत लिहून घे आणि पहिल्यापासून तसंच होतं अशा थाटात पुढे चाल.

आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरकू, निहाल लोकांची नावं तुझ्या शिंगवाल्यांना चिकटवायची नाहीत. ती जिवंत माणसं आहेत, संग्रामपूरच्या बाजारात भेटतात. त्यांच्यातलाच एखादा पोरगा उद्या तुझ्या टेबलावर फासे घेऊन बसेल.