वारणेचा तह

मंडळी, तुम्ही वारणा नदी पाहिली असेल. सह्याद्रीत उगम पावते, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. अलीकडे कोल्हापूर जिल्हा, पलीकडे सांगली जिल्हा. पुलावरून वऱ्हाडे जातात, उसाच्या गाड्या जातात. पण एके काळी याच नदीकाठी मराठे मराठ्यांशी लढले. ते भांडण कसे मिटले, ते आज वाचू.

घर एक, गाद्या दोन

शिवाजी महाराजांना दोन मुलगे. थोरले संभाजी महाराज, धाकटे राजाराम महाराज. थोरल्यांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेत होते. ते १७०७ साली सुटले. (आपले राजर्षी शाहू महाराज वेगळे. त्यांचा जन्म १८७४ सालचा.)

राजाराम महाराजांच्या मागे राणी ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंजून राज्य राखले होते. त्या हक्क सोडीनात. लढाई जुंपली. अखेर गाद्या दोन झाल्या. एक साताऱ्यास, दुसरी कोल्हापुरास. १७१४ साली कोल्हापूरच्या गादीवर राजाराम महाराजांचे दुसरे पुत्र संभाजी महाराज आले. म्हणजे शाहू आणि हे संभाजी चुलतभाऊ!

भाऊबंदकीत तिसऱ्याचे फावते. हैदराबादच्या निजामाने संभाजी महाराजांना हाताशी धरले. पण १७२८ साली पालखेडला बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत पकडले. तेव्हा निजामाने संभाजी महाराजांची बाजू सोडून दिली. परक्याचा आधार असा असतो.

जिंकणाऱ्याने काय केले?

१७३० साली वारणेकाठी संभाजी महाराजांचा पराभव झाला. त्यांच्या घरच्या स्त्रिया सातारकरांच्या हाती सापडल्या. शाहू महाराजांनी त्यांना मानाने वागवले. संभाजी महाराजांच्या आई राजसबाई आणि राणी जिजाबाई यांना पन्हाळ्यास परत पाठवले. ताराबाई मात्र साताऱ्यास राहिल्या.

यामुळे मने निवळली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघे भाऊ भेटले. मग १३ एप्रिल १७३१ रोजी तह झाला. तोच वारणेचा तह.

तहात काय ठरले?

तहात नऊ कलमे होती. त्यांतील मुख्य अशी :

१. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा. हद्द नदीची, म्हणजे कोणालाही दिसेल अशी.

२. कोपळचा किल्ला साताऱ्याने घ्यावा, त्याबदली रत्नागिरी कोल्हापुरास द्यावी.

३. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत.

४. एकाशी जो वैर करील, त्याचे पारिपत्य दुसऱ्यानेही करावे.

काही कोल्हापूरला सोसावेही लागले. मिरज, अथणी, विजापूर ही ठाणी साताऱ्यास द्यावी लागली. पण गादी राहिली, मान राहिला.

शाहू महाराज १७४९ साली वारले. तोवर या दोन भावांत पुन्हा मोठी लढाई झाली नाही. मात्र पुढच्या पिढ्यांत कोल्हापूरकर आणि पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्यात लढाया झाल्या. तह कागदावर होतो. तो टिकवायला माणसे लागतात.

दूरची एक गोष्ट

युरोपात फ्रान्स आणि जर्मनी हे शेजारी देश. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीनदा त्यांच्यात युद्धे पेटली. लाखो माणसे मेली. १९६३ साली त्यांनी मैत्रीचा करार केला. दोन्ही देशांच्या प्रमुखांनी दरवर्षी भेटायचे, आणि तरुण मुलामुलींनी एकमेकांच्या देशात जाऊन राहायचे, असे ठरवले. आज त्यांच्या हद्दीवर तोफा नाहीत.

आपण काय घ्यावे?

बांधाचे भांडण असो की देशाचे, रीत एकच. हद्द स्पष्ट करावी. हरलेल्याचा मान राखावा. देणे-घेणे लिहून ठेवावे. आणि तह झाल्यावर जाणे-येणे सोडू नये.

प्रश्न

१. वारणेचा तह कोणत्या दोन गाद्यांत झाला?

२. लढाईनंतर शाहू महाराज कसे वागले? त्याचा काय परिणाम झाला?

३. तुमच्या गावात मिटलेले एखादे जुने भांडण आठवा. ते कसे मिटले, ते चार ओळींत लिहा.